खरा चिनी कोणता?

१९१८ सालच्या मार्चची २३ तारीख, शनिवारची रात्र. लंडनच्या उत्तर भागातील वुड ग्रीन येथले 'एम्पायर' नाट्यगृह प्रेक्षकांनी भरलेले होते. महायुद्धाचे चौथे वर्ष चालू होते. दोनच दिवसांपूर्वी जर्मनांनी फ्रान्सच्या आघाडीवर जबरदस्त चढाई सुरू केली होती. अशा दिवसांत दोन घटका जिवाला विसावा म्हणून माणसे जादूचा खेळ पाहायला आली होती. रंगमंचावर भरजरी चिनी झगा ल्यालेला, पाठीवर लांब वेणी सोडलेला चुंग लिंग सू उभा होता. खेळाचे नाव होते 'बॉक्सरांनी दिलेली देहान्ताची शिक्षा'. चीनमध्ये १९०० साली परकीयांविरुद्ध जे बॉक्सर बंड झाले, त्यातल्या बंडखोरांनी या जादूगाराला गोळ्या घालायचे ठरवले आणि याने त्या गोळ्या हवेतच झेलल्या, अशी त्यामागची कथा. प्रेक्षकांनी खुणा केलेल्या दोन गोळ्या दोन बंदुकांत ठासल्या गेल्या. सूने छातीसमोर चिनी मातीची बशी धरली. बार उडाले. नेहमी या वेळी बशीत गोळ्या पडल्याचा टणत्कार होई आणि टाळ्यांचा कडकडाट होई. त्या रात्री मात्र सू कोलमडला. आणि काहीतरी विपरीत घडले आहे, पडदा पाडा, असे तो बोलला.

तो हे बोलला स्वच्छ इंग्रजीत! वर्षानुवर्षे दुभाष्याच्या तोंडून लोकांशी बोलणारा हा चिनी मनुष्य मरणाच्या दारात उभा राहिल्यावर अमेरिकन माणसासारखा बोलला, याचे कारण तो अमेरिकनच होता. त्याचे नाव विल्यम एल्सवर्थ रॉबिन्सन. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचा इस्पितळात अंत झाला.

एखादा गोरा मनुष्य चिनी वेष घेऊन रंगमंचावर आला यात बिघडले काय, असे वाचक विचारतील. आमच्याकडे बालगंधर्व स्त्रीवेष घेऊन येत, म्हणून त्यांना कोणी लबाड म्हटले नाही. खरेच आहे. पण आपण स्त्री पाहत नाही, हे प्रेक्षकांना ठाऊक असे. शिवाय रॉबिन्सनच्या बाबतीत प्रश्न वेषाचा नाहीच. प्रश्न असा की, हा वेष, हे नाव, ही ऐट त्याने कोणाकडून उचलली? कारण त्या वेळी जगात एक खरा चिनी जादूगार होता, त्याचे नाव चिंग लिंग फू, आणि या दोघांच्या झगड्यात लंडनच्या लोकांनी खऱ्याला खोटा ठरवून घरी पाठवले.

फूचे मूळ नाव जू ल्येनख्वेई. जन्म १८५४ चा, पेकिंगचा. १८९८ साली अमेरिकेत ओमाहा येथे मोठे प्रदर्शन भरले होते, तेथे तो आपला ताफा घेऊन गेला. तोंडातून धूर काढणे, ज्वाळा काढणे, रंगीबेरंगी फितींची रास काढणे हे तर तो करीच. पण त्याचा हुकमी एक्का वेगळाच होता. एक मोठे कापड तो दोन्ही बाजूंनी झटकून दाखवी, ते जमिनीवर टाकी, उचली, आणि खाली पाहावे तो पाण्याने काठोकाठ भरलेले अवजड घंगाळ! पाणी हिंदकळते आहे, एक थेंब सांडलेला नाही. लोक डोळे चोळताहेत तोच आणखी एक चमत्कार होई आणि एक लहानगे मूल तेथे उभे असे. ते घंगाळ कोठून येत असे, हे मला ठाऊक आहे. पण येथे सांगत नाही. दिवाळी अंक घरात आल्याबरोबर तो आधी पोरेच पळवतात, त्यांची थोडी निराशा होईल हे खरे. परंतु ज्या धंद्याच्या नीतीविषयी लिहायचे त्याच धंद्याची चोरी करून लिहिणे बरे दिसत नाही.

अमेरिकेत फूचा डंका वाजला. त्याच्या बाजूने जाहीर करण्यात आले की, हा घंगाळाचा खेळ कोणी करून दाखवला तर त्याला १,००० डॉलर देऊ. अशी आव्हाने त्या काळी जाहिरातीचाच भाग असत. कोणी पुढे येईल अशी अपेक्षा नसे. पण एक मनुष्य पुढे आला. तो हा रॉबिन्सन. आता मात्र फूच्या गोटातून काही हालचाल होईना. रॉबिन्सनला पैसे मिळाले नाहीत आणि खेळ करून दाखवण्याची संधीही मिळाली नाही. फूने शब्द दिला होता तो पाळला नाही, एवढे त्याच्या खात्यावर मांडलेच पाहिजे.

रॉबिन्सन हा कोणी उपटसुंभ नव्हता. जन्म १८६१ चा, न्यूयॉर्कजवळचा. हातात विलक्षण कसब. जादूची यंत्रे रचावीत तर त्यानेच. अमेरिकेतले दोन मोठे जादूगार, हॅरी केलर आणि अलेक्झांडर हरमन, हे या कारागिराला एकमेकांकडून पळवून नेत. मृतात्म्यांच्या नावाने पाटीवर अक्षरे उमटवणाऱ्या भोंदूंचे बिंग फोडणारे एक पुस्तकही त्याने १८९८ साली लिहिले, आणि ते चांगले आहे. उणीव एकच होती. त्याला बोलता येत नसे. म्हणजे जादूगाराला लागते तसे लोकांना गुंगवून ठेवणारे, हसवत हसवत फसवणारे बोलणे त्याच्याजवळ नव्हते. पडद्यामागे राजा, पडद्यापुढे रंक, असा हा प्रकार.

उचलेगिरीचा नादही जुनाच. १८८५-८६ च्या सुमारास बर्लिनमध्ये माक्स आउत्सिंगर नावाच्या माणसाने 'बेन अली बे' हे नाव घेऊन एक अपूर्व खेळ बसवला होता; अंधाऱ्या रंगमंचावर वस्तू आपोआप प्रकट होत, तरंगत, नाहीशा होत. लवकरच अमेरिकेत तसाच खेळ करणारा एक 'अहमद बेन अली' उगवला. तो कोण, हे सांगायला नकोच. खेळ तर उचललाच, पण नावही अर्धेअधिक उचलले!

मात्र रॉबिन्सनला एकट्याला फासावर चढवणे अन्यायाचे होईल. त्याच्या धन्यांची तऱ्हा काय निराळी होती? लंडनचे मास्केलाइन हे इजिप्शियन हॉलमध्ये माणूस अधांतरी तरंगवण्याचा खेळ करीत. केलर पुढच्या रांगेत बसून तो खेळ पुनःपुन्हा पाहून गेला, अखेर मास्केलाइनच्याच मंडळीतला पॉल व्हॅलॅडॉन नावाचा जादूगार त्याने आपल्याकडे ओढून घेतला, आणि १९०४ साली अमेरिकेत केलरची 'राजकन्या कर्नाक' अधांतरी तरंगू लागली. पुढे १९०८ साली केलरने निवृत्त होताना आपला सारा खेळ हॉवर्ड थर्स्टनच्या हवाली केला. एका जादूगाराने दुसऱ्याला रीतसर गादी दिली म्हणून या प्रसंगाचे आजही कौतुक होते. गादीवर बसवलेली राजकन्या मूळची कोणाची होती, याची चौकशी कौतुकाच्या वेळी कोण करतो!

हे सर्व वाचताना मला आपल्याकडचे जुने गवई आठवतात. चीज कोणाला द्यायची नाही. शिष्यालाही पुरती द्यायची नाही. पलीकडच्या घराण्याचा मनुष्य मैफलीत बसला असेल तर ती मुळी गायचीच नाही! भातखंड्यांनी खटपट करून चिजा मिळवल्या आणि स्वरलिपीसह छापल्या, तेव्हा जुन्या मंडळींपैकी कित्येकांना ती घरफोडीच वाटली. पण गाणे आणि जादू यांत एक मोठा फरक आहे. चीज छापली म्हणून गाणे मरत नाही; उलट ती दहा गळ्यांत गेली तर दहा तऱ्हांनी फुलते. जादूचे मर्म छापले की खेळ तेथेच संपतो. म्हणून या लोकांची सारी इस्टेट म्हणजे एक गुपित, आणि त्या इस्टेटीला कुलूप लावायला जगात कोणतीच पेटी मिळत नाही.

असो. १९०० साली पॅरिसच्या 'फोली बर्जेर' या रंगमंदिराला फूसारखा एक चिनी जादूगार हवा होता. फू मिळत नव्हता, रॉबिन्सन मिळाला. दाढीमिशा उतरवल्या, कपाळावरचे केस भादरले, वेणी लावली, चेहऱ्यावर रंग चढवला, आणि काही आठवड्यांतच लंडनच्या 'अल्हाम्ब्रा'मध्ये चुंग लिंग सू अवतीर्ण झाला. चिंग लिंग फू आणि चुंग लिंग सू! नाव इतके जवळचे ठेवले की ऐकणाऱ्याचा गोंधळ व्हावा. पत्नी ऑलिव्ह, जिला सारे 'डॉट' म्हणत, ती 'सूई सीन' झाली. दुभाष्याचे काम एक जपानी सहकारी करी. आपला बाप स्कॉटिश पाद्री आणि आई चिनी, अशी एक जन्मकथाही त्याने रचून दिली.

आणि येथे मौज पाहा. जो दोष त्याला आयुष्यभर नडला होता तो या सोंगात गुण ठरला. चिनी माणसाने इंग्रजी बोलायचेच नव्हते! मुक्याने, गंभीर चेहऱ्याने, सावकाश पावले टाकीत तो खेळ करू लागला आणि त्याच्या हातांतले सगळे कसब एकदम उजळून निघाले. त्या काळचे जाणकार त्याची गणना पहिल्या प्रतीच्या जादूगारांत करीत, आणि ते योग्यच होते. चोरी केली म्हणून मनुष्य अडाणी ठरत नाही. चोरलेल्या झग्यात तो खरोखरच मोठा कलावंत झाला. म्हणून तर हे प्रकरण इतके अवघड आहे.

पुढे १९०४ च्या अखेरीस खुद्द फू लंडनला आला. त्याचा खेळ 'एम्पायर'मध्ये, सूचा जवळच 'हिप्पोड्रोम'मध्ये. (हे 'एम्पायर' लेस्टर चौकातले, वुड ग्रीनचे नव्हे.) आपल्या नावासारखे नाव, आपल्यासारखा झगा, आपले घंगाळ, आणि वर हा मनुष्य येथे चार वर्षे अस्सल म्हणून नावाजला गेलेला! फू संतापला. त्याने आव्हान दिले: माझ्या वीस खेळांपैकी दहा जरी या माणसाने केले, किंवा त्याचा एखादा खेळ मला साधला नाही, तर मी १,००० पौंड देईन. 'वीकली डिस्पॅच' या पत्राने मध्यस्थी केली आणि ७ जानेवारी १९०५ रोजी आपल्या कचेरीत सामना ठरवला. सू ठरल्या वेळी मोटारीतून थाटाने आला, त्याने आपले खेळ करून दाखवले. फू आलाच नाही.

तो का आला नाही? त्याची मागणी अशी होती की, या माणसाने आधी चिनी वकिलातीसमोर आपण चिनी असल्याचे सिद्ध करावे, मग मी सामना करीन. आज आपल्याला ही मागणी रास्त वाटते. त्या दिवशी ती पळवाट वाटली. वृत्तपत्राने सूला विजयी ठरवले. लंडनकरांनी सूला आधी पाहिले होते, फूला नंतर. जे आधी पाहिले ते अस्सल, असा सरळ हिशेब झाला. काही आठवड्यांतच फूचा लंडनचा मुक्काम आटोपला.

फूची बाजू घेताना एक अडचण मात्र टाळता येत नाही. घंगाळाचा खेळ फूने तरी कोठे निर्माण केला होता? चीनमधले जादूचे खेळ करणारे तो फार पूर्वीपासून करीत आले होते. युरोपलाही तो नवा नव्हता. फिलीप हे नाव घेतलेला एक फ्रेंच जादूगार १८४० च्या सुमारास चिनी कड्या आणि पाण्याची भांडी हे दोन्ही खेळ पॅरिसमध्ये करीत असे; ते त्याने डब्लिन येथे आलेल्या चिनी खेळगड्यांकडून उचलले होते. म्हणजे रॉबिन्सनने खेळ चोरला म्हणावे, तर तो खेळ साठ वर्षांपूर्वीच चोरीला गेलेला होता.

आपल्या देशाचेही असेच झाले आहे. १८३० च्या आसपास मद्रासमध्ये शेषल नावाचा एक ब्राह्मण एका दांड्यावर नुसता हात टेकून जमिनीपासून वर, हवेत बसलेला लोकांना दाखवी. १८४७ साली पॅरिसमध्ये रोबेर-ऊदँ यांनी आपला मुलगा एका काठीवर कोपर टेकवून हवेत आडवा निजवून दाखवला. खेळाचे बीज एकच. पण रोबेर-ऊदँ यांनी त्यात स्वतःची भर घातली. ईथर हुंगवून शस्त्रक्रिया करण्याचा शोध आदल्याच वर्षी लागला होता, जिकडेतिकडे त्याची चर्चा होती. ईथरने मुलाचे शरीर हलके झाले आहे, असे ते लोकांना सांगत! मद्रासच्या साधूचा खेळ पॅरिसमध्ये विज्ञानाचा चमत्कार झाला. याला चोरी म्हणावे की निर्मिती? मी तरी याला निर्मिती म्हणेन. मात्र शेषलचे नाव कोठे तरी निघाले असते तर मनाला बरे वाटले असते.

या मापाने पाहिले तर रॉबिन्सनने घंगाळ घेतले यात फारसे काही नाही. पण त्याने फूचे नाव घेतले, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याची जागा घेतली. १९०५ साली फू लंडनच्या रंगमंचावर उभा राहिला तेव्हा त्याला आपणच आपली नक्कल आहोत असे ऐकून घ्यावे लागले. मला या प्रकरणात खरा अपराध दिसतो तो हा.

मग कायदा कशाला आहे, असे कोणी म्हणेल. कायद्याची कथा हॉरेस गोल्डिनने अनुभवली. पेटीत निजवलेल्या बाईचे करवतीने दोन तुकडे करण्याचा खेळ लंडनमध्ये पी. टी. सेलबिटने १७ जानेवारी १९२१ रोजी लोकांपुढे आणला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये गोल्डिनने आपला तशाच प्रकारचा खेळ केला. इतकेच नव्हे, तर खेळाची नावेही अशी अडवून ठेवली की सेलबिट अमेरिकेत आला तेव्हा त्याला स्वतःच्या खेळाचे नाव लावण्याची चोरी झाली. १९२३ साली गोल्डिनने पेटंटही मिळवले. पण पेटंट घ्यायचे म्हणजे यंत्राची रचना आकृत्यांसह लिहून द्यावी लागते, आणि ती सर्वांना पाहायला खुली असते. चोराच्या भीतीने दागिन्यांची यादी चावडीवर लावण्यासारखे हे झाले. १९३३ साली कॅमल सिगारेटच्या जाहिरातीत या खेळाचे मर्म चित्रांसह छापले गेले. गोल्डिनने दावा लावला. १९३८ साली अमेरिकन न्यायालयाने तो फेटाळला. जे स्वतःच पेटंटात जाहीर केले ते गुपित कसले, असा त्याचा आशय. कटवण्याचा हा खेळ पुढे आपल्या पी. सी. सरकार यांनी ९ एप्रिल १९५६ रोजी ब्रिटिश दूरचित्रवाणीवर फिरत्या करवतीने केला. वेळ संपल्यामुळे कार्यक्रम तेथेच तुटला, मुलगी उठून बसलेली दिसलीच नाही, आणि ती मेली की काय म्हणून घाबरलेल्या लोकांचे दूरध्वनी सारखे खणखणू लागले! सरकार महाराजाच्या पोशाखात खेळ करीत. तोही पाश्चात्त्यांच्या मनातल्या हिंदुस्थानाचा पोशाख होता. निदान देश तरी त्यांचा स्वतःचा होता.

कायदा नाही म्हटल्यावर धंद्याने पंचायत नेमली. अमेरिकेत १९०२ साली जादूगारांची संस्था निघाली, लंडनमध्ये १९०५ साली 'मॅजिक सर्कल' निघाले. त्यांचा मुख्य कटाक्ष गुपित बाहेर फुटू नये याकडे होता. लंडनच्या संस्थेचे पहिले अध्यक्ष डेव्हिड डेव्हंट हे आपल्या काळचे थोर जादूगार. उतारवयात त्यांना अंगकंपाचा विकार जडला, रंगमंच सुटला. १९३६ साली त्यांनी आपल्या खेळांची रहस्ये एका मासिकात छापू दिली. खेळ त्यांचे स्वतःचे होते. कोणाचे चोरलेले नव्हते. तरी संस्थेने आपल्या पहिल्या अध्यक्षाला काढून टाकले! पुढल्या वर्षी पुन्हा सन्मानाने घेतले, ही गोष्ट वेगळी. पण पंचायतीचा न्याय यातून कळतो. दुसऱ्याचे चोरून गुप्त ठेवणारा जातीत राहतो. स्वतःचे उघड करणारा जातीबाहेर जातो. मला हा न्याय उलटा वाटतो, पण ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांना तो सुलटा वाटत असेल.

सूच्या बंदुकीचे गुपित मात्र कोणी चोरले नाही. ते सरकारने काढून घेतले. मृत्यूची चौकशी झाली तेव्हा डॉटला साक्ष द्यावी लागली आणि भर न्यायासनासमोर खेळाची फोड करावी लागली. बंदुका जुन्या, तोंडाकडून ठासण्याच्या. त्यांत योजना अशी होती की, गोळी मुख्य नळीत जाई, पण बार उडे तो खालच्या, ठासणीची कांब ठेवण्याच्या नळीतून. गोळी जागच्या जागी राही. बशीत पडत त्या खुणेच्या गोळ्या आधीच हातोहात बदललेल्या असत. शस्त्रतज्ज्ञ रॉबर्ट चर्चिल यांनी बंदुका तपासल्या. खेळ झाल्यावर गोळी बाहेर काढण्यासाठी सू दर वेळी बंदुकीचा मागचा भाग उलगडून पुन्हा बसवीत असे. वर्षानुवर्षे असे केल्याने एका बंदुकीतले आटे झिजले, बारीक दारू फटीतून मुख्य नळीत झिरपली, आणि त्या रात्री खरी गोळी खरोखरीच सुटली. अपघाती मृत्यू, असा निर्णय झाला. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची यंत्रे रचून दिली तो स्वतःच्या यंत्राच्या झिजलेल्या आट्याने मेला.

फू त्या वेळी हयात होता. लंडनहून निघाल्यावर काही वर्षांनी, १९१२ मध्ये, तो पुन्हा अमेरिकेत गेला, आणि या खेपेला त्याला तेथे यश, पैसा, मान सारे काही मिळाले. त्याची मुलगी ची टॉय त्याच्याबरोबर होती. ओमाहाच्या पहिल्या फेरीत ती चिमुरडी पोर होती, आता मोठी होऊन इंग्रजी गाणी म्हणत होती. १९२२ साली फू वारला. पाश्चात्त्य रंगमंचावर चिनी झगे त्यानंतरही पुष्कळ वर्षे मिरवत राहिले. त्यांतला एक नामांकित झगा थिओ बॅम्बर्गचा. पिढीजात डच जादूगार. 'टोकियो'ची अक्षरे उलटसुलट करून त्याने 'ओकितो' असे जपानी नाव तयार केले आणि ते लावून तो चिनी पोशाखात खेळ करी. त्याचा मुलगा डेव्हिड 'फू मांचू' या नावाने अर्जेंटिनात प्रसिद्धीस आला, आणि तेथल्या प्रेक्षकांशी अस्खलित स्पॅनिशमध्ये बोलत असे.